रंभाबाईनं केलेलं भूत

रंभाबाईनं आयुष्यात पुष्कळ वस्तू केल्या. चुली केल्या, वाकळी शिवल्या, अख्ख्या गल्लीच्या लग्नांसाठी काडीवर कणकेचे सरगुंडे वळले. भूत मात्र एकच केलं. तेही ठरवून केलं नव्हतं, घाईत झालं.

खापरखुटी हे भिवापूरच्या अलीकडचं मिरचीचं गाव. घरं अशी खेटून, की एका घरात फोडणी पडली की तिसऱ्या घरात शिंका. तिच्या एकुलत्या लेकाच्या, कवडूच्या, लग्नाला सहाएक महिने झाले असतील. एका दिवेलागणीला रंभाबाईच्या घरातून नको तो आवाज बाहेर गेला. शेजारणीनं कुडावरून डोकं काढून विचारलं, "काय झालं वं रंभाबाई?"

रंभाबाई ओट्यावर उभी होती. दाराची कडी तिनं बाहेरून धरलेली. सांगण्यासारख्या गोष्टी दोन होत्या आणि त्यांतली एकच खरी होती. तिनं दुसरी सांगितली.

"कवडूच्या अंगात येऊन राहिलं वं माय. बाहेरचं हाय. बंधाऱ्यावरून लागलं."

शेजारीण "अगो बाई" म्हणून आत गेली आणि चुलीतली राख घेऊन आली. दुसरीनं लिंबू दिलं. तिसरीनं बंधाऱ्यावर बुडालेल्या एका माणसाची माहिती दिली. आठवडाभरात भगतानं नारळ घेऊन भुतावर शिक्कामोर्तब केलं. गावानं रंभाबाईला आजवर कशालाही इतकी मदत केली नव्हती.

भुतासारखी सोयीची वस्तू दुसरी नाही. त्याला जेवू घालावं लागत नाही. ते ठाण्यात जबानी देत नाही. आणि घरातली सून काय म्हणते, हे मग कोणी विचारत नाही. कवडूलाही ते आवडलं. सकाळी उठून तो बायकोचा, प्रेमिलाचा, सुजलेला गाल बघायचा आणि खरोखरच्या दुःखानं म्हणायचा, "माय, काल लय झालं काय वं? मले काही समजलंच नाही." रंभाबाई म्हणायची, "तुले कसं समजन बापा? तू कोठी होतास?" प्रेमिला खाली मान घालून चुलीत काटक्या सारायची.

असं दोन वर्षं चाललं. पण गेल्या पोळ्यापासून त्या भुतात एक फरक पडला होता. तो फक्त रंभाबाईला कळला, आणि तिची झोप गेली.

भूत लंगडू लागलं होतं.

कवडूचे दोन्ही पाय ठणठणीत. पण ज्या संध्याकाळी ते यायचं, त्या संध्याकाळी तो फाटकातून डावा पाय ओढत आत यायचा. सर्रर्र, धप्. सर्रर्र, धप्. रंभाबाईनं ही चाल वीस वर्षं ऐकली होती. तिच्या नवऱ्याच्या डाव्या पावलावरून भरल्या बंडीचं चाक गेलं होतं, आणि तो मेला तेव्हा कवडू कमरेएवढाही नव्हता. नवऱ्याचं नाव नानाजी. रंभाबाई ते कधी घेत नसे, म्हणून आपण घेतलं. स्वतः केलेल्या भुताला तिनं पाय दिला नव्हता, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. मग तो कोणी दिला?

*

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. फाल्गुनात मिरची अंगणभर वाळत पडलेली. भिवापूरची मिरची वाळताना नुसती वाळत नाही, आजूबाजूच्या हवेलाही वाळवते. सगळं गाव नाकाला पदर लावून वावरत होतं. कवडू सकाळीच बंडी जुंपून भिवापूरला गेला होता. दुपार कलली तशी ईशान्येकडून जांभळं आभाळ चढलं. वारा पडला. कावळे गप्प झाले. आणि बोराएवढ्या गारा आल्या.

प्रेमिला एकटी धावली. रंभाबाईचे गुडघे धावायचे नव्हते. ती ओट्यावरून ओरडायचं काम करत होती. "पोरी, पह्यले ताडपत्री टाक! नाही, पह्यले गोळा कर!" ताडपत्री वाऱ्यानं फुगली आणि पोरीला घेऊनच गुरांच्या कोठ्यापर्यंत गेली. गारा पाठीवर ताडताड वाजत होत्या. प्रेमिलानं सुपानं, हातांनी, शेवटी पदरानं मिरची ओढली. अर्धी आत आली. अर्धी पाण्यात लाल तवंग सोडत पडून राहिली. गारा वितळून अंगणभर असं पाणी झालं, की कोणी म्हणावं इथं बकरं कापलं.

दिवेलागणीला बंडी आली. बैल सोडल्याचा आवाज आला. मग काही वेळ काहीच आवाज आला नाही.

मग आला. सर्रर्र, धप्.

रंभाबाईच्या हातातली काडी विझली. कवडू अंगणात उभा राहून ते लाल पाणी बघत होता. त्याच्या हातात बैल हाकायची पराणी होती. तो आत आला. प्रेमिला ओल्या लुगड्यानंच मिरच्या पुसत बसली होती.

"घर कोनाचं हाय?" त्यानं विचारलं.

आवाज कवडूचाच होता. पण हे वाक्य घरात नवरा गेल्यापासून उच्चारलं गेलं नव्हतं. रंभाबाईला ते पाठ होतं. या प्रश्नाला कोणतंही उत्तर चालत नाही, हेही पाठ होतं. 'तुमचं' म्हटलं तरी मार पडतो, गप्प बसलं तरी पडतो.

तिचे पाय तिला न विचारता उठले. ती बाहेर आली आणि तिनं दार ओढून कडी धरली. आत पराणी वाजू लागली. रंभाबाई मनाशी म्हणत राहिली, 'बाहेरचं हाय, बाहेरचं हाय.' आणि पहिल्यांदाच तिला वाटलं, की खरंच असलं तर?

*

दुसऱ्या दिवशी रुखमाबाईची टोळी आली. रुखमाबाई म्हणजे देठ खुडणाऱ्या बायांची मुकादमीण. एरवी हे काम भिवापूरच्या सातऱ्यावर चालायचं. सातरा म्हणजे व्यापाऱ्यांचं मिरची वाळवायचं मोकळं पटांगण. पण गारांनी तिथं चिखल झाला, म्हणून बाया आता गावातल्या अंगणात बसून खुडत. त्यासाठी सारवलेलं कोरडं अंगण तेवढं लागतं, आणि गावात सगळ्यात ऐसपैस अंगण कवडूचं, उताराचं असल्यानं सकाळपर्यंत निथळलेलंही. आदल्या दिवशी गारा थांबताच सातऱ्यावर त्यानंच रुबाबात सांगितलं होतं, "मावशी, साऱ्या गावची मिरची माह्या अंगनात आना." माणसानं रुबाब करताना जरा पुढचा विचार करावा.

बाया ओळीनं बसल्या. मिरची डाव्या हातात, देठ उजव्या हाताच्या अंगठ्यात. टक्. टक्. टक्. दिवसभर हेच. बोटांची आग झाली की ताकाच्या गडव्यात हात बुडवायचा, पुन्हा टक्. या बाया एकमेकींचं तोंड फारसं बघत नाहीत, हात बघतात. त्यामुळे प्रेमिलाच्या गालाकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. तिचा अंगठा मिटत नाही, हे मात्र तिनं तिसरी मिरची उचलली तेव्हाच सगळ्यांना कळलं. ती डाव्या हातानं खुडत होती.

टक् टक् थांबलं.

"अंगठ्याले काय झालं वं?" रुखमाबाईनं विचारलं.

प्रेमिलानं पुढची मिरची उचलली. उत्तर रंभाबाईनं ओट्यावरून दिलं. "काल आलं होतं ना वं त्याच्या अंगात. सांगू काय आता. पोराले काही समजत नाही बिचाऱ्याले."

रुखमाबाईची लेक जयवंता शेजारीच बसली होती. तिच्या पलीकडची एक पोरगी म्हणाली, "ठान्यात काहून नाही देत रिपोट?"

जयवंता हसली. ती हसली की वरचे दोन दात नसलेली जागा दिसायची. "मी देल्ला होता. शिपाई म्हने, पह्यले बस. मले दिवसभर बसवलं, आन काहून बसवलं थे मी माह्या मायलेच सांगतलं. मंग माह्या नवऱ्याले सहा महिने आत टाकलं. वजन वाढून आला. तेथी त्याले एक दोस्त भेटला म्हने, त्यानं शिकवलं की बायकोले असं मारावं की दिसलं नाही पाह्यजे. पह्यले तो अडानी होता. सरकारनं शिकवून पाठवला."

बाया हसल्या. जयवंताही हसली. मग कोणीच हसेना, आणि अंगणात नुसता मिरचीचा खोकला राहिला.

रुखमाबाईनं हात ताकातून काढला, झटकला, आणि रंभाबाईकडे वळली. "कवा येते थे?"

"कोन?"

"थेच वं. बाहेरचं."

"दिवेलागनीले," रंभाबाई म्हणाली. "जवा येते तवा."

"मंग आमी थांबतो," रुखमाबाई म्हणाली. "येवढं वय झालं, मले कधी भूत पाहाले नाही भेटलं. येते तं येऊ दे. बसू, बोलू. त्याले काय पाह्यजे, थे कोनी विचारलं तरी हाय काय?"

तिच्या तोंडावरची सुरकुती हलली नव्हती. थट्टा की खरं, हे रंभाबाईला कळलं नाही. भुताची थट्टा कोण करतं?

*

कवडू संध्याकाळी आला तेव्हा अंगणात दिवा होता आणि बाया तशाच बसलेल्या होत्या. एरवी दिवस बुडताच पदर झटकून चुलीकडे पळणाऱ्या. मध्ये एक रिकामा पाट मांडलेला, त्याच्यासमोर पाण्याचा गडू.

"हे काय हो मावशी? घरी नाही जात?"

"जाऊ ना. तू हात-पाय धू, जेव. तुह्याशी काम नाही," रुखमाबाई म्हणाली. "तुह्या अंगात येते ना, त्याच्याशी काम हाय."

कवडू हसला. कोणी साथ दिली नाही. तो आत जाऊन जेवला. घास तोंडात असताना बाहेर टक् टक् चाललेलं. मग अंधार दाटला तसं तेही बंद झालं, आणि रुखमाबाईचा आवाज आला, पाटाकडे बघून, अगदी पाहुण्याशी बोलावं तसा: "या जी. बसा. दुरून आले असान. पानी घ्या."

बाया पाटाकडे बघत होत्या. कोणी खोकलंही नाही. काही वेळानं त्या उठून गेल्या. रंभाबाई पाट उचलायला गेली आणि तिनं गडू उचलला. तो काठोकाठ भरलेला तिनं स्वतः पाहिला होता. आता अर्धा होता. उन्हानं आटलं म्हणावं, तर ऊन केव्हाच गेलेलं.

बाया दुसऱ्या दिवशी थांबल्या. तिसऱ्या दिवशी थांबल्या. रोज दिवेलागणीला पाट मांडायचा, पाणी ठेवायचं, आणि विचारायचं: "काहून येता जी? पोरीनं काय केलं तुमचं? अंगठ्यानं तुमचं काय बिघडवलं?" रोज एक नवीन बाई एक नवीन प्रश्न आणायची, जणू नैवेद्य. एकीनं विचारलं, "तुमी पोलीस पाटलाच्या अंगात काहून नाही येत? थो तं धष्टपुष्ट हाय." दुसरीनं विचारलं, "व्यापाऱ्यानं काटा मारला तवा नाही आले याच्या अंगात. व्यापाऱ्याले नाही मारलं. बायकोलेच बरं पाहून मारता जी?"

घरात बसून कवडूला सगळं ऐकू यायचं. तो कानात बोट घालायचा, काढायचा. ज्या प्रश्नाला उत्तर द्यायला कोणी नाही, तो घरभर फिरत राहतो. भाकरीचा तुकडा मोडताना कवडू थांबायचा आणि आपल्याच हाताकडे बघायचा.

चौथ्या-पाचव्या दिवशी तो पोलीस पाटलाकडे गेला. मनोहरराव पाटील म्हणजे सरकारचा गावातला डोळा. हा डोळा दुपारी झाकलेला असे. कवडूची तक्रार ऐकून ते उठून आले, कारण त्यांच्या कारकिर्दीत 'घरात बाया बसल्या' अशी तक्रार पहिलीच होती.

"रुखमाबाई, हे काय लावलं?"

"देठ खुडून राहिलो पाटील."

"अंधारात?"

"भूत उजेडात येत नाही म्हनतात ना जी."

पाटलांनी खिशातून रुमाल काढला. मिरचीनं त्यांचे डोळे वाहत होते. "नागपुरात माहा साळा कोर्टात हाय. त्याले विचारून सांगतो. पन जमाव करनं..." इथं त्यांना खोकला आला. "जमाव करनं कायद्यानं..." पुन्हा आला. बायांना सवय होती. त्या शांतपणे खुडत होत्या. पाटलांनी रिकाम्या पाटाकडे पाहिलं, गडव्याकडे पाहिलं. "हे कोनासाठी?"

"येनार हायेत एक," जयवंता म्हणाली. "तुमी बसता काय त्याच्याजवळ?"

पाटील बसले नाहीत. त्यांचा साळा काय म्हणाला, हे गावाला कधी कळलं नाही.

त्या दिवसांत प्रेमिलाला कोणी हात लावला नाही. अंगठ्याची सूज उतरली. ती बायांमध्ये बसायची, पण बोलायची नाही. आणि रंभाबाई ओट्यावरून मिरचीचा ढीग बघायची. तो रोज कमी होत होता. गावभरची मिरची संपत आली होती. संपली की बाया आपापल्या घरी जातील. अंगणात कोणी उरणार नाही, आणि मग ते येईल, इतक्या दिवसांचं उपाशी. रंभाबाईला प्रेमिलाची मान दिसायची. बारीक, देठासारखी. तिला कळत होतं, की भूत राहिलं तर ही पोरगी जाईल. आज नाही तर पुढल्या गारांना. आणि भूत गेलं, तर उरतो कवडू. त्याला बेड्या घालून नेतील, वजन वाढवून परत आणतील. एकच लेक. या दोन्हीच्या मधे ती ओट्यावर बसून होती, आणि तिला पाटावर कोणीतरी बसल्याचा भास होऊ लागला होता. पाठमोरं. डावा पाय लांब करून.

*

मिरची संपायच्या दिवशी हवा कोंदटली. शेवटचं पोतं उपडं केलं तेव्हा दिवस कलला होता. बाया भराभर खुडत होत्या. कवडू सकाळी बंडी घेऊन गेला होता; व्यापाऱ्यानं गारांची मिरची काळी पडली म्हणून परत लावली, हे गावात त्याच्या आधी येऊन पोचलं होतं.

पाट मांडला. पाणी ठेवलं. दिवा लावला.

फाटकाशी बैल सोडल्याचा आवाज झाला. मग काहीच नाही. मग:

सर्रर्र, धप्.

सगळ्या अंगणातलं टक् टक् एकदम थांबलं. बायांनी हे आजवर ऐकलं नव्हतं. त्यांतल्या म्हाताऱ्या दोघी-तिघींनी मात्र ऐकलं होतं, फार वर्षांपूर्वी, याच गल्लीत. त्यांनी एकमेकींकडे पाहिलं आणि एकीनं पदर तोंडाशी नेला.

कवडू पाय ओढत दिव्याच्या उजेडात आला. हातात पराणी. डोळे बायांवर नव्हते. बायांमधून पलीकडे, प्रेमिलावर होते.

"घर कोनाचं हाय?"

प्रेमिलाच्या हातातली मिरची गळाली. बाकी कोणी हललं नाही. रुखमाबाईनं पाट जरा पुढे सरकवला.

"आले काय जी," ती म्हणाली. "लय वाट पाहाले लावली. बसा. घराचं मंग पाहू. पह्यले तुमचं नाव सांगा."

कवडू थांबला.

"नाव काय जी? कोन गावचे? कोनाचे?"

पराणी अर्धी वर होती. ती तशीच राहिली. दोन वर्षांत कोणीही भुताला नाव विचारलं नव्हतं, आणि रंभाबाईनं ते ठेवलंही नव्हतं. कवडूची नजर हळूहळू वळली आणि ओट्यावर, आईवर येऊन थांबली. रंभाबाईला ती नजर ओळखीची वाटली. शाळेत मास्तरांनी उभं केलं की तो असाच खिडकीतून तिच्याकडे बघायचा: माय, सांग ना, पुढं काय?

तो वाट बघत होता. ती सांगेल याची.

रंभाबाई उठली. गुडघे वाजले. सांगायला पुन्हा दोन गोष्टी होत्या.

"याचं नाव कवडू," ती म्हणाली.

"मोठ्यानं सांग वं," रुखमाबाई म्हणाली.

"कवडू हाय हा! बाहेरचं कोनी नाही. कधीच नोतं. म्या सांगतलं होतं थे. लोक विचारत होते तं काय सांगू, म्हनून सांगतलं. घाईत सांगतलं."

"आन हा पाय?" त्या म्हाताऱ्यांतल्या एकीनं विचारलं.

"हा पाय नानाजीचा हाय."

बायांनी श्वास घेतला. रंभाबाईनं नवऱ्याचं नाव तोंडातून काढलेलं गावानं लग्नातल्या उखाण्यानंतर ऐकलं नव्हतं. घर कोसळलं नाही. ती पुढे बोलू लागली, आणि एकदा लागल्यावर थांबेना.

"नानाजी असाच येत होता पाय ओढत. असाच विचारत होता. हा पोरगा खाटेखाली लपून पाहे. त्याले वाटते मले माहीत नाही. पन नानाजीच्या बी अंगात काही येत नोतं माय. चांगला शुद्धीत मारे. मारून झालं की जेवाले बसे, आन चटनीत मीठ कमी हाय हे बी समजे त्याले. मेला थो. याच पोरानं आग देल्ली. मेलेला मानूस पराणी धरत नाही. हा हात याचा हाय. कवडूचा."

कवडूनं पराणीकडे पाहिलं. मग ती खाली ठेवली, जपून, कोणाला लागणार नाही अशा बेतानं. तो उभा होता तो दोन्ही पायांवर.

"माय," तो म्हणाला, "मले ठान्यात देतं काय वं?"

"तुले ठान्यात देऊन पोलीस काय करनार?" रुखमाबाई म्हणाली. "भूत असता तं शिवेबाहेर सोडून आलो असतो. तू तं मानूस निघाला. मानसाले कोठी टाकाचं? शिवेपलीकडे बी बायाच राहतात गा."

भुतासाठी गावात भगत होता. चोरासाठी ठाणं होतं. हे जे दिव्याच्या उजेडात उभं होतं, त्याचं काय करायचं, याची गावात पद्धत नव्हती.

पद्धत प्रेमिलानं पाडली. दोन वर्षांत तिचा आवाज अंगणात कोणी नीट ऐकला नव्हता.

"कोनी मारलं?" तिनं विचारलं.

कवडू म्हणाला, "लय झालं वं प्रेमिले, मले समजत..."

"कोनी?"

"...मीनं."

"कायनं?"

"पराणीनं."

"कोठी?"

त्यानं सांगितलं. पाठीवर. अंगठ्यावर, ती हात आडवा आणत होती म्हणून. "काहून?" मिरची भिजली म्हणून. "मिरची म्या भिजवली?" नाही. "मंग काहून?" प्रेमिलानं दुसरा प्रश्न केला नाही. ती थांबली. बायाही थांबल्या. शेवटी तो म्हणाला, "व्यापाऱ्याले मारता येत नाही म्हनून." हे त्याच्या तोंडून बाहेर आलं, तेव्हा सगळ्यात जास्त दचकला तोच.

"त्याच्या पह्यले?" प्रेमिला म्हणाली.

तो त्याच्या पह्यलेचं सांगू लागला. एका बाईनं उरलेल्या मिरच्या पुढ्यात ओढल्या. टक्. मग दुसरीनं. अंगणभर पुन्हा टक् टक् सुरू झालं आणि त्याच्यामधून कवडूचा आवाज येत राहिला, एकसुरी, खाली मान घातलेला. रंभाबाईला तो ऐकवेना, पण ती आत गेली नाही. लेक सांगत होता त्या प्रत्येक संध्याकाळी ती दारापलीकडे होती. तिची पाळी येणार होती, हे तिला प्रेमिलाच्या नजरेतून कळत होतं.

पोळ्यापर्यंत आल्यावर कवडूचा घसा बसला.

"अर्धंच झालं," प्रेमिला म्हणाली. "उद्या ये."

"ये म्हंजे? मी कोठी जाऊ?"

"माह्या झोपडीच्या सोप्यात निज," रुखमाबाई म्हणाली. "आपली भाकर आपन थाप. जयवंताचे काका दाखवतीन. दिवेलागनीले येथी याचं."

"आता तं मिरची संपली," कवडू म्हणाला. त्यात आशा होती की भीती, हे त्याचं त्यालाच माहीत.

"चिंच फोडाची हाय अजून. मंग मोहफुलं हायेत. बायाच्या कामाले काय तोटा हाय?"

"पन कवापर्यंत?"

सगळ्यांनी प्रेमिलाकडे पाहिलं. तिनं विचार केला. घाई केली नाही.

"मी चुलीपुढं पाठमोरी बसून भाकर थापत राहीन," ती म्हणाली. "तू दारात येशीन. आन माहा हात थांबनार नाही. तवापर्यंत."

आजवर कोणत्याही कोर्टानं अशी मुदत दिलेली नाही. कवडू वाकळ काखेत मारून गेला.

*

चैत्र गेला. अंगणात चिंचेचा ढीग आला आणि बायांची बोटं तिखटाऐवजी आंबट झाली. पाट भिंतीला टेकून राहिला. कवडू रोज येई, ओट्याखाली उभा राही, सांगे. काही दिवस रागात सांगे, काही दिवस खोटं सांगे. खोटं सांगितलं की प्रेमिला मान हलवी आणि तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करी. एक दिवस प्रेमिलानं सासूला विचारलं, "आत्याबाई, तुमी तवा काय करत होत्या?" आणि रंभाबाईनंही ओट्यावरून खाली उतरून, बायांसमोर उभं राहून सांगितलं. त्या दिवशी तिला ताप आला. प्रेमिलानं तिला पेज दिली, पण जवळ बसली नाही.

सांगून झालं की प्रेमिला उठून चुलीपुढं बसे, दाराकडे पाठ करून. ज्वारीचा गोळा परातीत घेई. थप्. थप्. थप्. बाया आपलं काम थांबवून ऐकत. कवडू दोन्ही पायांनी सरळ चालत उंबऱ्याशी येई.

हात थांबे.

मग रुखमाबाई म्हणे, "जा गा कवडू." कधी तो लगेच जाई. कधी म्हणे, "आता तं मी काहीच करत नाही ना?" कधी नुसता उंबऱ्यावर उभा राही, आणि तितका वेळ आतला हात परातीवर अधांतरी राही, तव्यावरची भाकर करपू लागे, आणि रंभाबाईच्या पाठीतून गार वारा जाई. कारण भूत नसताना माणसाची अशी भीती वाटावी, हे तिनं वीस वर्षं सोसलं होतं, पण बाहेरून कधी पाहिलं नव्हतं.

ज्येष्ठ लागला. मृगाचे ढग भिवापूरच्या बाजूला जमू लागले होते. त्या संध्याकाळी बायांनी मोहाच्या टोळ्या, म्हणजे बिया, फोडायला घेतल्या होत्या. कवडू दिवसभर नांगरून आलेला, अंगावर माती. त्यानं सांगायचं ते सांगितलं. आता सांगण्यासारखं थोडंच उरलं होतं, तेही प्रेमिलाच त्याला आठवून देई. ती उठून आत गेली.

थप्. थप्. थप्.

कवडू ओट्याची पायरी चढला. उंबऱ्याशी पोचला. रंभाबाई प्रेमिलाच्या हाताकडे बघत होती. हात चालत होता. थप्. एक भाकर वाढत गेली, परातभर झाली. थप्. रंभाबाईनं श्वास धरला.

हात थांबला.

बाहेर कोणी काही बोलायच्या आत, रुखमाबाईनं तोंड उघडायच्या आत, कवडू मागे फिरला. पायरी उतरला, अंगण ओलांडलं, आणि फाटक हळूच ओढून घेऊन निघून गेला. हे त्याला आज कोणी सांगितलं नव्हतं.

प्रेमिला तशीच बसून राहिली. मग तिनं तवा उतरवला, हाताचं पीठ झटकलं, आणि पहिल्यांदाच मान वळवून रिकाम्या दाराकडे बराच वेळ पाहिलं.